मॅपवर ग्रीन लाल, जागेवर गवत हिरवंगार: ड्रोन सर्व्हेत हे परत परत का होतं

पुण्याच्या बाहेर एका १८ होलच्या गोल्फ कोर्ससाठी मी दर दोन-तीन आठवड्यांनी ड्रोन उडवतो. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरावाला, म्हणजे नुसता फोटो नाही तर लाल, रेड एज (लाल आणि इन्फ्रारेडच्या मधला) आणि निअर इन्फ्रारेड असे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे वेगळे टिपणारा, आणि त्यावरून एनडीव्हीआयचा मॅप बनवून सुपरिंटेंडेंट साहेबांना देतो. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, निरोगी पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, तर इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि त्याला दोघांच्या बेरजेनं भागायचं की आला एनडीव्हीआय, उणे १ ते १ मधला आकडा. गवत दाट आणि जोमात असेल तर १ कडं सरकतो, उघडी माती किंवा वाळू असेल तर शून्याजवळ राहतो.

आता प्रॉब्लेम. ग्रीन म्हणजे होलच्या भोकाभोवतीचा अगदी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा. सात नंबरचा ग्रीन एका मॅपवर लाल, म्हणजे आकडा कमी, दिसायचा, पुढच्या मॅपवर हिरवा, त्याच्या पुढच्या वेळी परत लाल. दर वेळी हेडमाळी मामा जागेवर जाऊन बघायचे आणि म्हणायचे अहो गवत चांगलंय की. पण मॅप कमिटीच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर लागला आणि सगळ्यांना लाल दिसलं की कुणी मामांचं ऐकत नाही, मग सातवर पाणी वाढवा असं ठरायचं. दोन-तीनदा असं पाणी वाढवल्यावर तो ग्रीन खरंच बिघडला, बूट दाबला की पाणी वर यायचं, कडेला शेवाळ धरलं, आणि ज्या बारा नंबरवर खरा ड्राय स्पॉट तयार होत होता तिकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. मॅप मी दिला होता त्यामुळं ती चूक माझीच होती आणि ती मला फार लागली, कारण ग्रीन उभा करायला महिने जातात आणि घालवायला एक आठवडा पुरतो. त्यानंतर मी हा प्रॉब्लेम मुळापासून शोधायचं ठरवलं. जे सापडलं ते लिहितो, ज्या क्रमानं तपासायला पाहिजे त्याच क्रमानं.

सगळ्यात आधी रंगाची पट्टी बघा

ही गोष्ट इतकी साधी आहे की कुणी तपासतच नाही. बहुतेक सॉफ्टवेअर मॅप बनवताना त्या दिवशीचा सगळ्यात कमी आकडा म्हणजे लाल आणि सगळ्यात जास्त म्हणजे गडद हिरवा असं आपोआप ताणून घेतं. म्हणजे समजा आजच्या फ्लाइटमध्ये सगळे ग्रीन ०.७० ते ०.८० मध्ये आहेत, तर ०.७० वाला लाल दिसणार, आणि पुढच्या वेळी फ्रेममध्ये बंकरची, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्याची, वाळू किंवा उघडं रान आलं आणि खालचं टोक ०.१० झालं, तर तोच ०.७० वाला ग्रीन हिरवा दिसणार. गवतात काहीच बदललं नाही पण रंग बदलला. आमच्या सातचा अर्धा घोळ इथंच होता, कारण कधी मी फक्त ग्रीनचा मॅप कापून द्यायचो आणि कधी अख्ख्या होलचा.

उपाय एवढाच की पट्टी हातानं फिक्स करा, ग्रीनसाठी एक आणि फेअरवेसाठी (ग्रीनपर्यंत जाणारा कापलेल्या गवताचा लांब पट्टा) एक, आणि वर्षभर तिला हात लावू नका. कुठले आकडे घ्यायचे ते तुमच्या गवतावर आणि कॅमेऱ्यावर आहे, पहिले चार-पाच सर्व्हे बघून ठरवा. आणि मॅपच्या कोपऱ्यात ती पट्टी आकड्यांसकट छापा म्हणजे मीटिंगमधल्या माणसालाही कळेल की लाल म्हणजे किती.

गवताआधी कार्ट पाथ तपासा

पट्टी फिक्स करूनही ग्रीन वर-खाली होत असेल तर पुढची टेस्ट ही करा, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली हीच. कोर्सवर अशी एखादी जागा शोधा जी बदलत नाही. आमच्याकडं बग्गी जाते तो काँक्रीटचा कार्ट पाथ आहे, पंप हाऊससमोरचा सिमेंटचा ओटा आहे. अशा दोन-तीन जागांवर सॉफ्टवेअरमध्ये छोटे चौकोन काढून ठेवा आणि प्रत्येक फ्लाइटनंतर गवताचा आकडा बघायच्या आधी त्यांचा आकडा बघा, नुसता एनडीव्हीआय नाही तर लाल आणि इन्फ्रारेड पट्ट्यांचे वेगवेगळे आकडे पण. काँक्रीट काही दोन आठवड्यात आजारी पडत नाही. त्याचा आकडा हलला असेल तर तुमचा प्रकाश, पॅनल (उन्हाचा हिशोब लावायची राखाडी पाटी, पुढं येईल) किंवा कॅमेरा हललाय आणि त्या दिवशीचा मॅप मागच्या मॅपशेजारी ठेवून तुलना करायचीच नाही. जागा मात्र कोरडी आणि स्वच्छ पाहिजे, ओलं काँक्रीट काळं पडतं आणि कडेला शेवाळ धरलं असेल तर तेच एनडीव्हीआय दाखवायला लागतं.

मी मागचे सगळे जुने सर्व्हे काढून हे तपासलं तेव्हा सात नंबर ज्या ज्या दिवशी लाल होता त्यातल्या बऱ्याच दिवशी कार्ट पाथपण हललेला होता. म्हणजे रोग गवताला नव्हताच.

सूर्य: इथं थोडं थांबून वाचा

ड्रोन मॅपिंगच्या जवळजवळ प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात की दुपारी बारा वाजता उडवा, सावल्या कमी असतात. हा सल्ला जिथं सूर्य कधीच डोक्यावर येत नाही अशा थंड देशांसाठी ठीक आहे, आपल्याकडं तो जसाच्या तसा घेतला की फसतो, आणि याची दोन कारणं आहेत.

एक म्हणजे पुण्यात घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्याचे बारा वाजलेले नसतात. आपली भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि पुणे ७४ अंशाच्या जरा अलीकडं, त्यामुळं सूर्य सगळ्यात वर येतो तो साधारण १२:२० ते १२:५० च्या मध्ये, नोव्हेंबरच्या सुरुवातीला लवकर आणि फेब्रुवारीच्या मध्यात सगळ्यात उशिरा.

दुसरं कारण मोठं आहे. शून्य सावली दिवस सगळ्यांना माहीत आहे, शाळेत पोरांना उन्हात उभं करून दाखवतात. पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळं सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यात आणि एकदा जुलैच्या शेवटी. आता ड्रोन खाली बघत असतो आणि सूर्य त्याच्या बरोबर पाठीमागं आला की ड्रोनची सावली जिथं पडणार त्या जागेभोवती फोटोत एक उजळ चट्टा येतो, कारण तिथं कॅमेऱ्याला गवताच्या पात्यांच्या सावल्या अजिबात दिसत नाहीत, फक्त ऊन पडलेली बाजू दिसते. याला हॉटस्पॉट म्हणतात. सूर्य खाली असेल तर हा चट्टा फोटोच्या चौकटीच्या बाहेर पडतो, सूर्य वर आला की आत येतो. नेहमीच्या मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्यात सूर्य क्षितिजापासून साधारण ६० अंशाच्या वर गेला की तो चौकटीत आलाच समजा, आणि पुण्यात फेब्रुवारीच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य ६० च्या वरच असतो. म्हणजे वर्षातले जवळपास आठ महिने बरोबर दुपारी उडवलं की प्रत्येक फोटोत हा चट्टा असतो, आणि सॉफ्टवेअर शेकडो फोटो जोडतं तेव्हा मॅपवर ढगाळ ठिपके किंवा पट्टे उठतात. ते लाल-हिरवे ठिपके बघून लोक फंगस शोधायला जातात.

म्हणून मी घड्याळ सोडून दिलं आणि सूर्याची उंची धरली. ४५ ते ५५ अंश, वर्षभर. डिसेंबरमध्ये पुण्यात सूर्य जास्तीत जास्त ४८ अंशाच्या आसपासच जातो, त्यामुळं तेव्हा साडेअकरा ते सव्वा हा वेळ चालतो. फेब्रुवारीच्या मध्यात अकराच्या आसपास. मेमध्ये साडेनऊ ते दहा, बस, नंतर नाही. सूर्याची उंची दाखवणारी फुकट अॅप आहेत, तुमच्या गावचे अक्षांश-रेखांश टाका आणि वर्षाचं टाइमटेबल एकदाच करून भिंतीवर लावा. नागपूर, नाशिक, गोवा प्रत्येकाचं वेगळं येईल, पुण्याचं कॉपी करू नका.

आणि फ्लाइट लांबवू नका. अख्खा कोर्स म्हणजे शंभर-दीडशे एकर, तीन-चार बॅटऱ्या लागतात, तोपर्यंत तास-दीड तास जातो आणि तासाला सूर्य १५ अंश सरकतो, म्हणजे पहिला होल आणि अठरावा होल वेगळ्या उन्हात काढले जातात. ग्रीन मात्र सगळे मिळून साधारण एक हेक्टरभर जागा असते. म्हणून ग्रीनचं वेगळं मिशन करा, आधी १८ ग्रीन उरका, एका बॅटरीत नाही बसले तर दोन लागोपाठ, आणि फेअरवे नंतर निवांत करा, तिथं एवढी बारीक अचूकता लागत नाही.

ढगांचं म्हणाल तर पूर्ण स्वच्छ आकाश चांगलं, पूर्ण एकसारखं भरून आलेलं आकाशसुद्धा चालतं, सगळ्यात वाईट म्हणजे ऑक्टोबरमध्ये असतात तसे तुटक पळते ढग. ढगाची सावली ग्रीनवरून सरकत गेली की मॅपवर तिचा डाग राहतो. ड्रोनच्या डोक्यावर ऊन मोजणारा सेन्सर असतो पण तो ड्रोनवर पडलेलं ऊन मोजतो, खाली ग्रीनवर सावली आहे हे त्याला कळत नाही. अशा दिवशी मी घरी परत येतो, क्लब कितीही मागं लागला तरी.

पॅनल

राखाडी कॅलिब्रेशन पॅनलचा फोटो उडवायच्या आधी आणि उतरल्यावर दोन्ही वेळा घ्या. पॅनल सपाट ठेवा, गाडीपासून आणि झाडापासून लांब, आणि स्वतःची सावली त्यावर पाडू नका, पांढरा शर्ट घालून अगदी जवळ उभं राहू नका कारण शर्टावरचा उजेड पॅनलवर जातो. आमचं पॅनल खताच्या गोण्यांबरोबर डिकीत फिरत होतं, त्यावर पांढरी धूळ आणि बोटांचे ठसे होते, सॉफ्टवेअरला काय कळणार, ते म्हणतं पॅनल एवढं उजळ दिसतंय म्हणजे ऊन जास्त आहे आणि बाकी सगळं गवत काळवंडून टाकतं. आता पॅनल त्याच्या कव्हरमध्ये, वेगळ्या बॅगेत.

त्या आठवड्यात ग्रीनवर काय काम झालं ते विचारा

हे माळ्यांना विचारल्याशिवाय कळत नाही आणि ड्रोनवाले विचारत नाहीत.

कापणीची दिशा हा पहिला प्रश्न. मोअरनं गवत एका बाजूला झुकतं, पातं तुमच्यापासून लांब झुकलं की उजळ दिसतं आणि तुमच्याकडं झुकलं की गडद, टीव्हीवर क्रिकेटच्या मैदानावर पट्टे दिसतात ते हेच. एनडीव्हीआयमध्ये हे पट्टे कमी होतात पण जात नाहीत. त्यामुळं सर्व्हेच्या दिवशी सकाळी कापणी झालेली असावी आणि शक्यतो दर सर्व्हेला त्याच दिशेनं.

टॉप ड्रेसिंग दुसरं. वाळू टाकली, ब्रशनं घासली, पाण्यानं बसवली तरी पात्यांमध्ये वाळू दिसतच राहते आणि ग्रीन ३-४ मिलिमीटरवर कापलेला असतो, तिथं लपायला जागाच नाही, मग आकडा धाडकन पडतो. गवत तिच्यातून वर आल्यावर आपोआप परत चढतो. कोअरिंग (मातीचे गोळे काढून भोकं पाडणं) केलं असेल, व्हर्टिकट (उभ्या पात्यांनी गवत चिरणं) मारलं असेल तर तेच. आमच्या सात नंबरवर एकदा बाकीच्या ग्रीनच्या आधी ट्रायल म्हणून वाळू टाकली होती आणि ते मला सांगितलंच नव्हतं. आता मामांकडं एक वही आहे, कुठल्या तारखेला कुठल्या ग्रीनवर काय केलं, वाळू, खत, फेरस सल्फेट, औषध, आणि मॅप उघडायच्या आधी मी ती वही उघडतो. फेरस मारलं की गवत दोन दिवसात गडद हिरवं दिसतं, वाढ काही झालेली नसते, नुसता रंग, त्यावर खूश होऊन खताचा हप्ता चुकवू नका.

दव आणि स्प्रिंकलरचं पाणी तिसरं. पानावर पाणी असताना उडवू नका. थंडीत कोर्सच्या सखल भागात दव बराच वेळ राहतं, सूर्याची उंची पाळली तर हा प्रश्न बऱ्यापैकी आपोआप सुटतो, पण सिरिंजिंग म्हणून दिवसा हलकं पाणी मारतात ते फ्लाइट होईपर्यंत थांबवायला सांगा.

मॅप एकमेकांवर बसत नाहीत

दोन तारखांचे मॅप एकावर एक ठेवून फरक काढताना ग्रीनच्या एका कडेला लाल कोर आणि समोरच्या कडेला हिरवी कोर दिसली, चंद्रकोरीसारखी, तर तो गवताचा फरक नाही, अख्खा मॅप सरकलाय. साध्या जीपीएसवर मॅप दोन-तीन मीटर इकडंतिकडं होतो आणि ग्रीनची कड म्हणजे ३ मिलिमीटरच्या गवताशेजारी त्याच्या दुप्पट-तिप्पट उंच कॉलरचं, म्हणजे ग्रीनभोवतीच्या पट्ट्याचं, गवत, त्यामुळं खोटा फरक ठळक दिसतो.

आरटीके असेल, म्हणजे जमिनीवरच्या बेस स्टेशनवरून ड्रोनचं जीपीएस सुधारत राहणारी सोय, तर सेंटिमीटरमध्ये बसतं, पण इथं एक फसवणूक आहे जी मी बऱ्याच लोकांकडं बघितली. बेस स्टेशन रोज नवीन जागी किंवा त्याच जागी पण दर वेळी स्वतःच्या अंदाजानं पोझिशन घेऊन चालू करतात. ड्रोनवर फिक्स दिसतं, हिरवा दिवा येतो, आणि माणूस निर्धास्त होतो, पण ड्रोन बेसच्या तुलनेत अचूक आहे, बेसच दर वेळी मीटर-दोन मीटर वेगळ्या ठिकाणी आहे असं समजतोय. एक पक्का खांब करा, त्याचे अक्षांश-रेखांश एकदाच नीट मोजून घ्या, भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स नेटवर्क (कायम चालू असलेल्या जीपीएस स्टेशनांचं जाळं) त्यासाठी वापरता येतं, आणि दर वेळी तेच आकडे बेसमध्ये हातानं टाका.

आरटीके नसेल तरी हात टेकायची गरज नाही. गोल्फ कोर्सवर जमिनीत पक्के बसवलेले शेकडो मार्कर आधीच असतात, स्प्रिंकलर हेड. ते जागचे हलत नाहीत. त्यातले १५-२० निवडा, कोर्सभर पसरलेले, उंच-सखल दोन्हीकडचे, झाडाखाली नसलेले, एकदा त्यांच्या जागेचं मोजमाप करून घ्या आणि कंट्रोल पॉइंट, म्हणजे मॅप जागेवर बसवायच्या खुणा, म्हणून वापरा. काळं झाकण हिरव्यात नीट दिसत नाही म्हणून फ्लाइटच्या दिवशी त्याच्याभोवती मोठी पांढरी रिंग ठेवतो आम्ही, प्लायवूडची कापून घेतलेली, नंतर उचलून ठेवायची.

ग्रीनचा सरासरी आकडा काढताना कडेपासून अर्धा-एक मीटर आतला भागच घ्या, म्हणजे थोडं सरकलं तरी कॉलरचं गवत मिसळत नाही.

फोटो जोडलेच जात नसतील, मॅपला भोकं पडत असतील तर ओव्हरलॅप, म्हणजे एका फोटोवर दुसरा किती चढतो ते, वाढवा, पुढं ८० आणि बाजूला ७५ टक्के, आणि ग्रीनसाठी फार खाली उतरू नका. एकसारख्या हिरव्या गालिच्यात सॉफ्टवेअरला ओळखीची खूण सापडत नाही, थोडं वर गेलं की चौकटीत बंकरची कड, स्प्रिंकलर, पाथ येतात आणि जोड लागतो. तळ्याच्या पाण्यावर जोड लागत नाहीच, तिथं भोक राहिलं तर राहू द्या.

तुलना मागच्या तारखेशी कमी, शेजारच्या ग्रीनशी जास्त

एवढं सगळं पाळूनही दोन तारखांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, हे मी आता मान्य केलंय. म्हणून मी प्रश्नच बदलला. सात नंबर मागच्या वेळेपेक्षा किती घसरला हे विचारण्याऐवजी, आज १८ ग्रीनमध्ये सात कितव्या नंबरावर आहे आणि मागच्या वेळी कितव्या होता हे बघतो. एकाच वीस-पंचवीस मिनिटात, त्याच उन्हात, त्याच पॅनलवर काढलेले १८ ग्रीन एकमेकांशी प्रामाणिक असतात. सगळेच खाली गेले तर बहुतेक प्रकाश किंवा ऋतू, एकटाच खाली गेला तर तिकडं चालत जायचं. ही पद्धत आली आणि बारा नंबर लगेच नजरेत आला, तीन सर्व्हे सलग तो रांगेत मागं मागं जात होता, मॅपवर कधीच लाल न होता.

जागेवर गेल्यावर

मॅप घेऊन खुर्चीत बसून निर्णय घेऊ नका, मातीत हात घाला. आधी डागाचा आकार बघा. कड सरळ रेषेत असेल तर मशीन किंवा पाइप, खताचा स्प्रेडर फिरवताना एक पट्टा सुटलाय किंवा खाली ड्रेनेजची लाइन आहे. पंख्याच्या पात्यासारखा तुकडा कोरडा असेल तर स्प्रिंकलर फिरायचा अडकलाय किंवा नोझलमध्ये कचरा. हेडभोवती मेदुवड्यासारखी ओली रिंग आणि आत कोरडं असेल तर प्रेशर कमी पडतंय, पाणी फुटून पसरत नाही, एकाच अंतरावर जाऊन पडतं. आकार वेडावाकडा असेल तर माती, मूळ, कीड किंवा रोग.

मग होल कटर किंवा सॉइल प्रोबनं गोळा काढा. चांगल्यातून एक आणि वाईटातून एक, शेजारी ठेवून बघा. बारा नंबरवर वर ओलसर वाटत होतं आणि बोटभर खाली वाळू पिठासारखी कोरडी. त्या गोळ्यावर वरून खालपर्यंत पाण्याचे थेंब ठेवायचे आणि मोजायचं, थेंब पाच सेकंदापेक्षा जास्त मण्यासारखा तसाच बसून राहिला तर वाळू पाणी घेत नाहीये, कुजलेल्या सेंद्रियाचा मेणचट थर कणांवर बसलेला असतो. अशा जागी कितीही पाणी सोडलं तरी ते बाजूनं निघून जातं. बारीक भोकं पाडायची, वेटिंग एजंट (वाळूला पाणी धरायला लावणारं औषध) द्यायचं आणि ते मुळापर्यंत जाईल इतकं पाणी सावकाश, थांबून थांबून द्यायचं. आम्ही हेच केलं.

गवत हातानं ओढलं आणि चटईसारखं सुटून आलं तर खाली हुमणी बघा, उसावाल्यांना ओळख करून द्यायला नको. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात, आणि पावसाळ्यात अळ्या मुळं खात असतात. वरून पाऊस चालू असल्यामुळं गवत लगेच वाळत नाही, पाऊस उघडला की एकदम चट्टे पडतात. एक फूट बाय एक फूट कापून उलटं करा आणि मोजा.

एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून आलेलं, पाणी वापरत असाल तर उन्हाळ्याच्या शेवटी क्षार पण तपासा, खोलगट जागांवर पातीची टोकं करपतात आणि मॅपवर ते अगदी पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं.

उलटा प्रॉब्लेम: मॅप हिरवा, ग्रीन खराब

हा जास्त धोक्याचा आहे कारण कुणी तक्रार करत नाही. एनडीव्हीआयला फक्त हिरवं कळतं, कशाचं हिरवं ते कळत नाही. आपल्या ग्रीनवरचं बर्म्युडा म्हणजे आपल्या हरळीचंच घराणं, गणपतीला वाहतो त्या दुर्वांचं. हायब्रीड जाती, टिफड्वार्फ वगैरे, अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला तयार झाल्या पण त्यातलं एक मूळ हरळीच. तर हरळी विरळ झाली आणि मध्ये शेवाळ धरलं, किंवा फेअरवेत लव्हाळा घुसला, तरी मॅप हिरवाच राहतो. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सर्व्हेला म्हणून साधा रंगीत फोटो पूर्ण झूम करून बघाच, लव्हाळ्याचा पोपटी रंग आणि शेवाळाचा काळपट रंग डोळ्याला कळतो.

आणि गवत फार दाट झालं की एनडीव्हीआय वरच्या टोकाला जाऊन अडकतो, त्यापुढं गवत थोडं अशक्त झालं तरी आकडा हलत नाही. तिथं रेड एज पट्टा वापरून एनडीआरई काढा, दाट फेअरवेवर नत्राची कमतरता त्यात लवकर दिसते. साध्या कॅमेऱ्याच्या फोटोवरून एनडीव्हीआय काढून देतो म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा, ज्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेडच नाही त्यातून तो निघत नाही, निघतो तो दुसरा कुठलातरी हिरवेपणाचा इंडेक्स, आणि त्याची तुलना याच्याशी होत नाही.

उडवायच्या आधी

ड्रोन नियम २०२१, २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. २५० ग्रॅमपासून २ किलोपर्यंत मायक्रो, त्याच्या वर २५ किलोपर्यंत स्मॉल. पैसे घेऊन काम करत असाल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट आणि ड्रोनचा युनिक आयडी नंबर पाहिजेच. ग्रीन झोनमध्ये (एअरस्पेसच्या नकाशावरचा हिरवा भाग, गोल्फचा ग्रीन नाही) ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा २०० फूट आहे, आणि पुण्यात लोहगावचा तळ हवाईदलाचा आहे, त्यामुळं एअरस्पेसचा नकाशा त्या दिवशी सकाळी परत बघा, मागच्या महिन्यात ग्रीन झोन होता म्हणून आज असेलच असं नाही. कोर्स मेंटेनन्ससाठी बंद असतो त्या दिवशीच उडवा, आमच्याकडं सोमवार. खेळणाऱ्यांच्या डोक्यावरून उडवायचं नाही. उन्हाळ्यात टिटव्यांनी रफमध्ये (फेअरवेच्या बाहेरचं उंच गवत) जमिनीवरच अंडी घातलेली असतात, टेकऑफची जागा बघून घ्या, त्या अंडी सोडून ड्रोनमागं धावतात आणि तेवढ्यात कावळे येतात.

सात नंबरचं शेवाळ काढायला दोन महिने लागले, पाणी कमी केलं, कोअरिंग केलं, कडेच्या झाडाच्या खालच्या फांद्या उतरवून ऊन आणि वारा येऊ दिला. बारा नंबरवर अजून एक हातभर पट्टा आहे जो पाणी घेत नाही, मामा दर सोमवारी तिथं प्रोब घालून बघतात आणि मी दर सर्व्हेला त्याच जागेवर वेगळा चौकोन काढून आकडा लिहून ठेवतो, वहीत, त्यांच्या शेजारच्या पानावर.